पडदा कोण जाळतं?

स्क्रीनसेव्हर आठवतो का? विंडोज एक्सपीमधले ते वाढतच जाणारे रंगीत पाईप, अंगावर धावून येणारे तारे, आणि मार्कीमध्ये स्वतःचं नाव टाकून ते पडद्यावरून सरकताना बघत बसणं... शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किंवा एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये हे उद्योग न केलेला माणूस आमच्या पिढीत सापडणं कठीण. सगळ्यांना तो गंमत म्हणूनच माहीत. पण नावातच 'सेव्हर' आहे, म्हणजे तो काहीतरी वाचवत असणार. काय वाचवत होता, आणि खरंच वाचवत होता का, हे जरा बघू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या मॉनिटरवर अक्षरांची जी कायमची छाप पडते (तेच ते बर्न-इन), ती वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे पडते असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. ती पडते त्या पडद्यावरचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यामुळे. म्हणजे आपल्यामुळे!

आता हे 'जळणं' म्हणजे नक्की काय होतं ते बघू. सीआरटी म्हणजे आपला डबा मॉनिटर. मागच्या निमुळत्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचा झोत निघतो आणि समोरच्या काचेवर येऊन आपटतो. काचेला आतल्या बाजूने फॉस्फरचा लेप असतो, झोत पडला की तो चमकतो. हा लेप वापराने झिजतो. एकाच ठिकाणी हजारो तास झोत पडत राहिला की तिथला फॉस्फर थकतो, तेवढ्याच झोतात कमी उजेड देतो. शेजारचा फॉस्फर मात्र अजून ताजातवाना असतो. मग पडद्यावर दुसरं काहीही आणा, त्याच्या मागे जुन्या अक्षरांचं भूत दिसत राहतं. प्रकरण फारच पुढे गेलं असेल तर मॉनिटर बंद असतानाही ते दिसतं.

म्हणजे 'जळणं' हा शब्द तसा फसवाच. ही असमान झीज आहे, बस. जुन्या देवळाची दगडी पायरी मधोमध खोलगट झालेली असते ना, तसं. सगळे जिथे पाय ठेवतात तिथला दगड झिजतो. पायरीच्या कडेला कोणी पाय ठेवत नाही, ती तशीच राहते. गणितही सोपं आहे: उजेड किती, वेळ किती, आणि जागा तीच का. या तीनपैकी एक जरी गोष्ट कमी केली तरी छाप पडायला उशीर लागतो.

स्क्रीनसेव्हर जन्माला आला तो यातला 'वेळ' कमी करायला. आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर जो ५१५१ नावाचा हिरव्या अक्षरांचा मॉनिटर यायचा, त्यातला फॉस्फर छाप पडण्यासाठी बदनामच होता. डिसेंबर १९८३ मध्ये जॉन सोचा या प्रोग्रामरने 'सॉफ्टटॉक' मासिकात एक छोटासा प्रोग्राम छापला. तीन मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की पडदा काळा. पाईप नाहीत, तारे नाहीत, काही नाही. नुसता काळा. माझ्या मते स्क्रीनसेव्हरच्या इतिहासातला हा सगळ्यात प्रामाणिक स्क्रीनसेव्हर :)

पुढे १९८९ मध्ये मॅकसाठी 'आफ्टर डार्क' आला, त्यातले पंख लावून उडणारे टोस्टर जगभर गाजले. मग विंडोजमध्येही स्क्रीनसेव्हर आले, आणि हळूहळू मूळ काम मागे पडून करमणूकच उरली. तोपर्यंत रंगीत मॉनिटरचे फॉस्फर सुधारले होते. शिवाय घरात किंवा ऑफिसात माणूस दिवसभर एकच विंडो उघडून बसत नाही. वर्ड उघडतो, ब्राउझर उघडतो, सॉलिटेअर खेळतो. झीज आपोआप वाटली जाते. म्हणजे आपल्या लॅबमध्ये पाईप वाढत होते तेव्हा त्या मॉनिटरला छापेची फारशी भीती उरलेलीच नव्हती.

उलट नुकसानच होत होतं. मॉनिटरने आपणहून झोपी जाण्याची सोय, म्हणजे डीपीएमएस हे स्टँडर्ड, १९९३ मध्येच आलं होतं. तरी आपण पाईप बघत बसलो. १७ इंची सीआरटी साधारण ७५ वॅट खातो असं धरू. दहा मॉनिटर, रोज चार तास नुसते स्क्रीनसेव्हर दाखवत बसले, तर रोजची ३ युनिट वीज गेली. ज्या काळात तालुक्याच्या गावात लोडशेडिंग रोज कित्येक तास असायचं, आणि क्लासवाला इन्व्हर्टरवर पोरांचं प्रॅक्टिकल कसंबसं उरकून घ्यायचा, त्या काळात ही वीज बॅटरीतून जायची. पडदा वाचवायचं नाव, आणि खर्च बॅटरीचा.

असो. घरच्या मॉनिटरला धोका कमी होता, मग छाप पडत कुठे होती? ते बघायला पुण्याबाहेर पडावं लागतं.

नगर रस्त्याने निघालं की कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगाव एमआयडीसी, मग शिरूर. रांजणगावात एलजी, व्हर्लपूल, फियाट असे मोठे कारखाने आहेत. पण या सगळ्या पट्ट्यात छोटे वर्कशॉपही भरपूर. दोन-चार सीएनसी मशिन, आठ-दहा माणसं, मोठ्या कंपनीचं जॉबवर्क. ही मशिन बऱ्याचदा सेकंडहँड घेतलेली असतात. मशिन वीस-पंचवीस वर्षं सहज चालतं, त्यामुळे त्याचा पडदाही तेवढाच जुना. ९ इंची किंवा १४ इंची सीआरटी. आणि या पडद्यावर दिवसभर काय असतं? पोझिशनचं पान. वर मथळा, मध्ये एक्स आणि झेड, खाली बटणांची नावं. सकाळची शिफ्ट, दुपारची शिफ्ट, रात्रपाळी. तेच पान, त्याच जागी. एक वर्ष नाही, पंधरा वर्षं.

सणसवाडीच्या अशाच एका वर्कशॉपमध्ये मी असा पडदा बघितलाय. ऑपरेटरने टूल ऑफसेटचं पान उघडलं तर त्याच्या आकड्यांमधून पोझिशनच्या पानाचं भूत आडवं जात होतं. ८ चा डावा भाग त्या मंद झालेल्या पट्ट्यावर आला की तो चक्क ३ दिसायचा. मी विचारलं, "दादा, हे वाचता कसं?" तो म्हणाला, "सर, काय दिसतंय ते नाही बघत मी. काय असायला पाहिजे ते माहितीये ना."

मला हे वाक्य त्या पडद्यापेक्षा जास्त टोचलं. माणूस पाठांतरावर मशिन चालवतोय. ०.०८ आणि ०.०३ मध्ये पन्नास मायक्रॉनचा फरक आहे. टर्निंगच्या कामात तेवढ्यात अख्खा लॉट रिजेक्ट होऊ शकतो. झाला तर कोणाच्या नावावर? ऑपरेटरच्याच. "नीट बघता येत नाही का?" हे त्यालाच ऐकावं लागणार. अनुभवी माणूस सांभाळून घेईलही. नवीन आलेल्या आयटीआयच्या पोराचं काय?

शिरूरकडून न्हावरे, चौफुला असं करत दौंड तालुक्यात उतरलं की दुसऱ्या तऱ्हेचं काम दिसतं. कुरकुंभची एमआयडीसी केमिकलची आहे. केमिकल प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये प्लांटचं चित्रच पडद्यावर मांडलेलं असतं. टाक्या, पंप, व्हॉल्व्ह, त्यांना जोडणाऱ्या रेघा. चोवीस तास. जुन्या सीआरटीच्या जमान्यात अशा पडद्यांवर या रेघा हमखास उमटायच्या. मग ऑपरेटर दुसऱ्या विभागाचं चित्र उघडतो तेव्हा तिथे नसलेली टाकीही त्याला अंधुक दिसते. मजेशीर वाटतं ना ऐकायला? रात्री तीन वाजता अलार्म वाजत असताना मजेशीर वाटणार नाही.

आणि उसाचा वजनकाटा. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुके उसाचे. दौंडकडे तर गुऱ्हाळंही भरपूर. गाळपाच्या हंगामात काटा रात्रंदिवस चालतो. पडद्यावर एकच फॉर्म: गाडी नंबर, ग्रॉस, टेअर, नेट. शेतकऱ्याच्या डोक्यात काटामारीची शंका मुळातच असते, आणि ती उगाच नसते. अशा वेळी पडद्यावर आकड्यामागे दुसरा आकडा दिसला तर तो काय समजेल? फॉस्फरची झीज समजेल का? काटा प्रामाणिक असला तरी पडदा त्याला खोटा पाडतो.

आता मुद्दा असा, की या तिन्ही ठिकाणी पाईपवाला स्क्रीनसेव्हर चालणारच नाही. काम चालू असताना पडदा झाकला तर ऑपरेटर शिव्या घालेल, आणि बरोबरच आहे त्याचं. म्हणजे जिथे गरज नव्हती तिथे स्क्रीनसेव्हर होता, आणि जिथे गरज होती तिथे तो लावता येत नव्हता. मग अशा पडद्याला वाचवायचं कोणी?

ज्याने तो पडदा डिझाइन केला त्याने. मथळा भडक पांढऱ्या पट्टीत ठेवायचा हे कोणी ठरवलं? कंपनीचा लोगो कोपऱ्यात पूर्ण ब्राइट, कायम. कोणी ठरवलं? वजनकाट्यावर दोन गाड्यांच्या मध्ये रिकामा फॉर्म तसाच पेटत ठेवायचा, हे कोणी ठरवलं? वापरणाऱ्याने नाही. त्याला फार तर ब्राइटनेसचं एक बटण दिलंय, आणि तेही शेडमधल्या उन्हामुळे त्याला पूर्ण वर ठेवावं लागतं. आपण हिंजवडीत किंवा खराडीत एसीत बसून एखादी स्क्रीन दहा मिनिटं टेस्ट करतो आणि तिकीट बंद करतो. तो माणूस तीच स्क्रीन दहा वर्षं बघतो. या दहा मिनिटं आणि दहा वर्षांच्या मधल्या जागेत पडदा जळतो.

कोणी म्हणेल, सीआरटीच्या काळात हे कुणाला सुचलं असतं का? सुचलं होतं की. फॅनकच्या कंट्रोलचं उदाहरण घ्या. त्यांच्या ०आय, १६, १८, २१ या मालिकांच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की तीच अक्षरं त्याच जागी राहिली तर पडदा लवकर खराब होतो. उपायही दिलाय. कॅनचं बटण दाबून धरायचं आणि कुठलंही फंक्शन बटण दाबायचं, पडदा काळा. परत फंक्शन बटण दाबलं की चित्र हजर. मशिनचं काम चालूच राहतं. शिवाय ३१२३ नंबरच्या पॅरामीटरमध्ये मिनिटं टाकून ठेवली, तर तेवढा वेळ बटणाला हात लागला नाही की पडदा आपोआप काळा होतो. शून्य म्हणजे सोय बंद.

म्हणजे जपानमधल्या कोणा इंजिनिअरने तेव्हाच विचार केला होता. मग अडलं कुठे? मॅन्युअल इंग्रजीत, तेही सेकंडहँड मशिनबरोबर आलं तर आलं. पॅरामीटर बदलायला सर्व्हिसवाला लागतो, आणि तो येतो मशिन बंद पडल्यावर. सोय असूनही ती माणसापर्यंत पोचली नाही. म्हणून माझं म्हणणं, अशी सोय मुळातच चालू असली पाहिजे. ज्याला नको त्याने बंद करावी. एका डिफॉल्ट आकड्यावर कितीतरी पडद्यांचं आयुष्य ठरतं.

"पण पडदे आता स्वस्त झालेत, बदला ना सरळ!" हा युक्तिवाद मला माहितीये. काही अंशी खराही आहे. जुन्या सीएनसीला सीआरटीच्या जागी एलसीडी बसवून देणारे लोक आहेत, आणि ज्याला परवडतं त्याने ते जरूर करावं. पण दोन गोष्टी. एक, काढलेला सीआरटी जातो कुठे? त्याच्या मागच्या काचेत शिसं असतं, थोडंथोडकं नाही, वजनाच्या साधारण पाचवा भाग. २०१२ पासून आपल्याकडे ई-कचऱ्याचे नियम लागू आहेत, २०२३ पासून तर सुधारित नियमही आले. तरी तालुक्यात तो भंगारवाल्याकडेच जातो, तांब्याच्या कॉइलसाठी फुटतो, आणि काच कुठेतरी ओढ्याकाठी पडते. पडदा दोन वर्षं जास्त चालला, तर ही काच दोन वर्षं उशिरा फुटते. दुसरी गोष्ट अशी की पडदा बदलला तरी सॉफ्टवेअर तेच राहतं. तेच पान, तीच जागा.

ज्यांच्याकडे अजून असे जुने मॉनिटर आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात:

१. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट गरजेपुरतेच ठेवा. उन्हासाठी पडद्यावर पुठ्ठ्याची झडप लावा. ती फुकट आहे आणि काम करते.

२. पीसी असेल तर स्क्रीनसेव्हर विसरा, पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन मॉनिटर पाच-दहा मिनिटांनी बंद होईल असं करा. वीजही वाचते.

३. सीएनसी असेल तर आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पडदा काळा करायची सोय शोधा. सर्व्हिसवाला पुढच्या वेळी आला की त्याच्याकडून पॅरामीटर लावून घ्या.

४. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं असतील आणि सॉफ्टवेअरमध्ये उलट करता येत असतील, तर करा. जितका भाग काळा, तितकी झीज कमी.

५. सीआरटीवर पडलेली छाप जात नाही. रात्रभर पांढरा पडदा लावून ठेवला की जाते हे सीआरटीबाबत खरं नाही, उलट बाकीचा फॉस्फर झिजतो. एलसीडीवर कधीकधी दिसणारी छाप वेगळी, ती बहुतेक वेळा पडदा थोडा वेळ बंद ठेवला की निघून जाते.

६. आणि सीआरटी स्वतः उघडू नका. आत २० हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो.

आता तुम्ही म्हणाल, डबा मॉनिटर तर संपत आले, याची चर्चा आज कशाला? कारण तुमच्या खिशात बघा. ओएलईडी पडदा असलेला फोन असेल तर गोष्ट पुन्हा तीच. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि स्वतःच झिजतो, निळा सगळ्यात लवकर. म्हणूनच ऑलवेज-ऑनचं घड्याळ हळूच जागा बदलत असतं. २०१७ मध्ये आयफोन टेनच्या निमित्ताने ॲपलनेही ओएलईडी घेतला, आणि बर्न-इन होऊ शकतं हे मान्यही केलं. मोठ्या कंपन्यांना हे समजतं, त्या आपापल्या घड्याळापुरती काळजी घेतात. पण कॅब चालवणारा दादा रोज बारा तास नकाशाचं ॲप पूर्ण ब्राइट ठेवतो. डिलिव्हरी करणारा पोरगा दिवसभर एकाच ॲपच्या एकाच पानावर असतो. त्या ॲपची वरची पट्टी आणि खालचं जाडजूड बटण सहा महिन्यांत, वर्षात त्याच्या पडद्यावर उमटतं. फोन त्याचा, हप्ते त्याचे, आणि वॉरंटीवाले बऱ्याचदा म्हणणार "वापरामुळे झालंय, कव्हर होत नाही". वापरामुळेच झालंय हो, पण तसा वापर करायला लावणारं ॲप कोणाचं?

उपाय फार अवघड नाहीत. कायम दिसणारी पट्टी मंद रंगाची ठेवा. दर काही मिनिटांनी सगळं चित्र एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे सरकवा, डोळ्याला कळतही नाही. हात लागला नाही तर पडदा मंद करा, आणि अलार्म आला किंवा काट्यावर गाडी चढली की लगेच पूर्ण उजळा. कंट्रोल रूमसारख्या ठिकाणी पूर्ण काळा करू नका, तिथे मंद करणं आणि सरकवणं एवढंच बरं. हे सगळं मिळून दोन दिवसांचं काम आहे. आपण यापेक्षा जास्त वेळ बटणाचा कोपरा किती गोल असावा यावर घालवतो.

आपल्याकडे डिझाइन रिव्ह्यूच्या चेकलिस्टमध्ये लोड किती, सिक्युरिटी काय, मोबाईलवर कसं दिसतं, असं सगळं असतं. त्यात एक ओळ घाला: ही स्क्रीन रोज बारा तास, अशी पाच वर्षं उघडी राहिली तर तिचा कुठला भाग उमटेल? उत्तर सापडलं की तो भाग मंद करा किंवा हलता ठेवा, आणि मगच तिकीट बंद करा.